मुंजाबानं पलटण का बदलली

मुंजाबा फौजेत गेला तो मेंढरांना कंटाळून, हे वाडीत कुणापासून लपलेलं नव्हतं. त्यानंही ते कधी लपवलं नाही. देशसेवा हा शब्द त्यानं पुढं, पेन्शनीत आल्यावर, एका शाळेच्या झेंडावंदनाला वापरला. पण तेव्हाही समोरच्या खुर्चीवर बसलेल्या बायकोनं, बानाबाईनं, अशी नजर रोखली की त्यानं ते वाक्य अर्ध्यावर सोडलं आणि मुलांना चालण्याचे फायदे सांगितले.

त्यांची वाडी पिशोरपासून दोन कोसांवर होती. बारा घरं, आणि ती बाराही वर्षातले सात महिने बंद. दिवाळी झाली की माणसं मेंढरं घेऊन गौताळ्याच्या बाजूनं घाट उतरायची आणि खानदेशाकडं जायची, ती मृगाच्या आधी परत यायची. पोलीस ॲक्शन झाली तेव्हा मुंजाबा सहा वर्षांचा होता. निजाम गेला, राज्य बदललं, या सगळ्यातलं त्याला आठवायचं ते एवढंच, की त्या वर्षी बिऱ्हाड पंधरा दिवस उशिरा हललं आणि तेवढे दिवस चालावं लागलं नाही.

बिऱ्हाड हलायचं म्हणजे सगळा संसार घोड्यावर लादायचा. या कामाची वाटणी ठरलेली होती आणि ती कुणी मोडत नसे. गड्यांनी मेंढरं घेऊन पुढं जायचं. घोडं लादायचं ते बायांनी. मुंजाबाची आई सारजाबाई यात पंचक्रोशीत नावाजलेली. ती दोन हातांत दोन बोचकी धरून डोळे मिटायची, जरा वेळ तशीच उभी राहायची आणि मग एका बोचक्यातले दोन मुठी दाणे काढून दुसऱ्यात टाकायची. तिचा तोल चुकल्याचं कुणी पाहिलं नव्हतं. घोड्याच्या पाठीवर घोंगडीची घडी टाकली की ती तळहात फिरवून एकेक सुरकुती काढायची. "आपल्या अंथरुनात खडा असला तर झोप येती का?" असं ती म्हणायची, "मंग ह्या मुक्याला तर चालायचंय."

शेवटची गाठ तिची खास होती. घोडं कितीही उधळलं तरी ती सुटायची नाही, आणि घोडं नदीच्या गाळात रुतलं तर दोरीच्या टोकाला एक हिसका दिला की सगळं ओझं खाली. ही गाठ आवळताना पहिल्या पेचावर दुसऱ्या कुणीतरी बोट दाबून धरावं लागे. एरवी हे काम घरातल्या लेकीचं. सारजाबाईला लेक नव्हती. चार मुलगेच होते आणि त्यात मुंजाबा शेंडेफळ. म्हणून बोट मुंजाबाचं. बाकीची पोरं मेंढरांपुढं काठ्या नाचवत निघून जात आणि हा मागं राहून आईच्या गाठीवर बोट धरून उभा. चुलती मनकर्णाबाई जाता-येता विचारायची, "सारजे, ह्या पोरीचं लगीन कवा करतीस?" त्यावर सगळ्या बाया हसायच्या. मुंजाबानं तेव्हाच मनाशी ठरवलं होतं, की मोठं झाल्यावर जनावर आणि दोरी या दोन गोष्टींना हात म्हणून लावायचा नाही.

त्रेसष्ट साली औरंगाबादला छावणीच्या मैदानावर भरती निघाली. चीनची लढाई नुकतीच होऊन गेली होती. पिशोरच्या शाळेतले काकासाहेब मास्तर वाडीवर आले होते, त्यांच्याकडून मुंजाबाला हे कळलं. तो दोन दिवस चालत औरंगाबादला पोचला. बाकीची मुलं मोटारीनं आलेली होती. मैल पळायला लावलं तेव्हा तीच मुलं फुटाण्यासारखी इकडंतिकडं उडाली आणि हा पहिला आला. मोजमाप घेणाऱ्या साहेबानं आणखी काय येतं म्हणून विचारलं, तर म्हणाला, चालता येतं. साहेबाला ते उत्तर आवडलं.

पायदळ त्याला मानवलं. बूट सोडले तर तक्रारीला जागा नव्हती. बंदूक तर फारच आवडली. तिला चरायला न्यावं लागत नाही, ती दुसऱ्याच्या शेतात शिरत नाही आणि लांडगा तिच्याकडं ढुंकून पाहत नाही, असं त्यानं पहिल्या रजेत वाडीवर सांगितलं तेव्हा म्हातारे खूश झाले.

त्याच रजेत, श्रावणात, त्याची सुपारी फुटली. मुलगी घाटाच्या तोंडाशी असलेल्या वाडीवरची, त्रिंबकची बानाबाई. त्रिंबक नात्यानं लांबचा मामा लागायचा. दीडशे मेंढरांचा धनी, आवाज मोठा, आणि बोलताना समोरच्याच्या गुडघ्यावर थाप मारायची सवय. त्यानं चारचौघांत सांगितलं, की पोरीची एकच अट आहे, मेंढरामागच्याला देऊ नका. म्हणून तर दोन चांगली स्थळं परत केली. आता बंदूकवाला जवान मिळाला, अट पुरी झाली.

मुंजाबाला ही अट ऐकून फार बरं वाटलं. आपल्यासारखंच दुसरंही कुणी जनावरांना कंटाळलेलं आहे, आणि ते आपल्याच घरात येणार आहे. त्यानं बानाबाईला त्या दिवशी फक्त एकदा पाहिलं. ती चुलीपाशी बसून हसू दाबत होती. कशाचं, ते त्याला कळलं नाही. पण पुढची दोन वर्षं डोंगरातल्या थंडीत त्याला ते हसू पुरलं.

दोन वर्षं अशासाठी, की लग्नाची तारीख धरायच्या आधी पासष्टची लढाई आली आणि रजा बंद झाल्या. मुंजाबाची पलटण उत्तरेकडं एका उंच ठाण्यावर होती. तिथं ना रस्ता ना गाडी. पीठ, रॉकेल, गोळ्या, पत्रं, सगळं खेचरांच्या पाठीवर यायचं. खेचरांची तुकडी वेगळी, माणसं वेगळी, त्यांचा सुभेदार वेगळा. आठवड्यातून दोनदा खेचरांची रांग वर यायची, माल उतरवायची आणि परत जायची. पायदळाच्या जवानांनी फक्त माल उतरून घ्यायचा.

पहिल्या वेळी मुंजाबानं नुसतं पाहिलं. दुसऱ्या वेळी त्यानं तोंड फिरवून घेतलं. तिसऱ्या वेळी मात्र एक काळपट खेचरी त्याच्यापुढं येऊन उभी राहिली आणि तिच्या पाठीवर, पलाणाखाली, ओली जखम दिसली. घडीला सुरकुती पडलेली होती. डाव्या बाजूचं ओझं उजव्यापेक्षा जड होतं. गाठ अशी, की जनावर कड्यावरून घसरलं तर ओझ्यासकट खाली जाणार. ती खेचरी जवळ येईल त्याला लाथ मारत होती आणि खेचरवाले तिला शिव्या देत होते.

मुंजाबानं बंदूक दगडाला टेकवली. खरं तर तसं करायचं नसतं. त्यानं जिभेनं टकटक आवाज करत तिच्या मानेवर हात ठेवला, ओझं उतरवलं, घडी झटकली, तळहात फिरवला. रिकामे डबे परत जायचे होते, ते दोन हातांत धरून डोळे मिटले. मग दोरी घेतली आणि सवयीनं म्हणाला, "बोट." शेजारी उभा असलेल्या पंजाबी जवानाला काही कळलं नाही, तेव्हा त्यानं त्याचं बोट धरून गाठीवर ठेवलं.

खेचरांचा सुभेदार गढवालकडचा, मिशा पिकलेला माणूस. तो हे सगळं लांबून पाहत होता. त्यानं काही विचारलं नाही. पुढच्या फेरीला त्यानं ती खेचरी पुन्हा मुंजाबापुढं उभी केली, त्याच्या पुढच्या फेरीला आणखी दोन. महिन्याभरात खेचरी वर आली की आपणहून मुंजाबाला शोधायला लागली. तिचं नाव त्यानं मनकर्णा ठेवलं, कारण ती येणाऱ्या-जाणाऱ्या कुणालाच सोडत नसे. अर्थात हे नाव घरी कळता कामा नये, याची त्याला जाणीव होती.

शेवटी सुभेदारानं सरळ विचारलं, की तू आमच्याकडं का येत नाहीस. वरून बोलणी झाली. पलटणीचे साहेबही नाही म्हणाले नाहीत. अर्ज तेवढा मुंजाबानं करायचा होता.

इथं मुंजाबा अडला. तीन दिवस त्याला जेवण गोड लागलं नाही. बंदूक सोडून खेचरांमागं गेलो, तर त्रिंबकमामाच्या शब्दाचं काय? मेंढरं काय आणि खेचरं काय, पाठ जनावराचीच. पोरीनं ज्या एका गोष्टीसाठी आपल्याला पसंत केलं, तीच हातची जाणार. न जावं, तर आठवड्यातून दोनदा त्या सुरकुत्या पाहाव्या लागणार. चौथ्या दिवशी मनकर्णा वर आली ती लंगडत. खेचरवाल्यानं सांगितलं, वाटेत ओझं कलंडलं. मुंजाबा तसाच क्लार्ककडं गेला.

पलटणीचा क्लार्क हवालदार कोकणातला, तिरकस बोलणारा. बदलीचे अर्ज लिहून लिहून त्याला माणसांची कारणं पाठ झाली होती. कुणाला बिनतारी तुकडीत जायचं असायचं, कारण तिथं छपराखाली बसून काम. कुणाचा भाऊ तोफखान्यात, म्हणून त्यालाही तिथंच. फर्दापूरचा बद्रीनाथ म्हणून एक जवान होता, तो दर सहा महिन्यांनी नौदलात बदली मागायचा, कारण बोटीवर चालावं लागत नाही असं त्यानं कुठं तरी ऐकलं होतं. तलावापेक्षा मोठं पाणी त्यानं जन्मात पाहिलं नव्हतं. हवालदार दर वेळी अर्ज लिहायचा आणि दर वेळी तो परत यायचा.

"बोला," हवालदार म्हणाला, "तुमचं काय कारण? बढती?"

"नाय."

"चालायचा कंटाळा?"

"तिकडं जास्तीच चालावं लागतंय, साहेब."

"मग?"

"ते वज्जं चुकीचं बांधत्यात," तो म्हणाला. "मला बघवत नाय."

हवालदारानं लेखणी खाली ठेवली. इतक्या वर्षांत हे कारण त्याच्याकडं आलेलं नव्हतं. असं कारण सरकारी कागदावर लिहिता येणार नाही, असं तो म्हणाला, आणि त्यानं इंग्रजीत लिहिलं, की अर्जदारास भारवाहू जनावरांचा घराण्यातून चालत आलेला अनुभव आहे. अर्थ समजावून सांगितला तेव्हा मुंजाबा लाजला. घराण्यातून म्हणजे आईकडून, एवढं मात्र त्यानं सांगितलं नाही.

बदली झाली. मुंजाबानं घरी पत्र पाठवलं: मी खुशाल आहे, थंडी कमी आहे, काम बरं चाललं आहे. खेचरांचं नाव काढलं नाही.

पण पत्राच्या मागं पाठवणाऱ्याचा पत्ता असतो. आषाढात ते पत्र काकासाहेब मास्तरांकडं आलं. मास्तर नेमके. त्यांनी सारजाबाईला पत्र वाचून दाखवलं आणि चष्मा काढून सांगितलं, की पलटणीचं नाव बदललंय. एवढंच सांगितलं. त्यापुढचं त्यांनाही माहीत नव्हतं.

वाडीला मात्र पुढचं सगळं माहीत होतं. राखणीचा गडी पाडव्याला धनी बदलतो, त्याला कुणी काही विचारत नाही. पण वर्षाच्या मधेच एक कळप सोडून दुसऱ्या कळपावर गेला, तर त्याचा अर्थ एकच असतो: त्याच्या हातून काहीतरी गेलं. कोकरू लांडग्यानं नेलं, नाहीतर मेंढी आडात पडली. आता मुंजाबा आषाढात पलटण बदलतो, म्हणजे त्याच्या हातून काय गेलं असणार? फौजेत मेंढरं नसतात. म्हणजे बंदूक. मनकर्णाबाईनं हे पहिल्यांदा बोलून दाखवलं आणि ते सगळ्यांना पटलं. पोळ्यापर्यंत बातमी त्रिंबकच्या वाडीवर पोचली, तोवर ती बंदूक लांडग्यानं नेलेली होती.

दिवाळीला मुंजाबा रजेवर आला. त्रिंबकचा निरोप आधीच येऊन थांबला होता: येऊन खरं काय ते सांगा, नाहीतर सुपारी परत घ्या. सारजाबाईनं मुलाला जेवू घातलं आणि मग विचारलं, "बंदूक कुठं हाय?" त्यानं सगळं सांगितलं. खेचरीचं नावसुद्धा त्याच्या तोंडून निसटलं. सारजाबाई तोंडाला पदर लावून इतकी हसली, की तिला ठसका लागला. हसू ओसरल्यावर तिनं त्याची ताटली उचलली. "त्रिंबक कबूल व्हायचा नाय," ती म्हणाली. "त्याचा शब्द चारचौघातला हाय."

दुसऱ्या दिवशी सकाळी मायलेक त्रिंबकच्या वाडीवर पोचले तेव्हा तिथं बिऱ्हाड हलायची गडबड होती. मेंढरं पुढं निघायच्या बेतात. त्रिंबक दगडावर बसला होता, आजूबाजूला चार माणसं. त्यानं पाणी दिलं, पण गुडघ्यावर थाप मारली नाही.

"बंदूक कुठं हाय तुजी?"

"फौजेत, मामा. रजेवर आनू देत नाहीत."

"हरवली नाय?"

"नाय."

"मंग काहून काढलं तुला पलटनीतून?"

"काढलं नाय. म्याच मागून घेतली बदली. खेचरांवर."

त्रिंबक शेजारच्या माणसांकडं वळून म्हणाला, "बंदूक हरवली असती तर येक येळ समजलं असतं. मानसाच्या हातून व्हतं." आणि मुंजाबाला म्हणाला, की पोरगी जनावरामागच्याला द्यायची नाही, हा शब्द होता. मेंढी असो की खेचर, तिला चार पायच असतात.

मुंजाबानं मान खाली घातली. आपण तीन दिवस याचाच विचार केला होता आणि तरी अर्ज केला, तेव्हा आता तक्रार कुणाकडं करणार, असं त्याच्या मनात आलं. सारजाबाई काही बोलणार, एवढ्यात मागून भांड्यांचा मोठा आवाज झाला.

पलीकडं बानाबाई घोडं लादत होती. आई लक्ष्मीबाई कंबरेला हात लावून बाजूला बसलेली. वीस वर्षं बोचकी उचलून तिची कंबर गेली होती, आता नुसतं तोंडानं सांगायची. घोडं नवं होतं. ओझं कलंडून त्याच्या पोटाखाली गेलं आणि ते जागच्या जागी गिरक्या घ्यायला लागलं. वर बांधलेल्या पाटीतल्या कोंबड्या ओरडत होत्या. बानाबाई लगाम धरून त्याच्याबरोबर फिरत होती.

मुंजाबा उठला. आपण वर्दीत आहोत, समोर सासरा होता होता राहिलेला माणूस बसलाय, हे तो विसरला. जिभेनं टकटक करत त्यानं घोड्याच्या मानेवर हात ठेवला. घोडं थांबलं. त्यानं ओझं उतरवलं, घोंगडी झटकून घडी घातली, तळहात फिरवला. दोन बोचकी दोन हातांत धरून डोळे मिटले. गड्यांच्या घोळक्यातून कुणीतरी म्हणालं, की जवान बायांच्या कामाला लागला. हशा झाला. मुंजाबाला तो ऐकू आला नाही. सारजाबाईलाही नाही, ती फक्त घडीकडं बघत होती, कुठं सुरकुती राहते का.

दोरी फिरवून त्यानं पहिला पेच घातला आणि वर न बघता म्हणाला, "बोट."

बानाबाईनं बोट ठेवलं.

गाठ बसली. त्यानं वर पाहिलं तेव्हा दोघंही एकदम बाजूला झाली. बानाबाईनं डोक्यावरचा पदर सारखा केला आणि ती सारजाबाईजवळ जाऊन उभी राहिली. लग्नाआधी त्याच्याशी बोलायची रीत नव्हती.

"आत्या," ती म्हणाली, "तेंला विचारा, फौजेत हे काम कोन करतं?"

मुंजाबा चार हातांवर होता. तरी सारजाबाईनं वळून विचारलं, "कोन करतं रे?"

"गडीच. समदे गडीच."

"बाया नाहीत का, विचारा."

"तिथं बायाच नाहीत."

"लाज नाय का वाटत, विचारा."

"पयल्या दिशी वाटली. मंग खेचरीच्या पाठीची जखम भरली, तवा गेली."

बानाबाई म्हणाली, "आन् घरी आल्यावर घोडं कोन लादनार, ते बी विचारा."

सारजाबाईनं हे विचारलं नाही. ती मुलाकडं बघत उभी राहिली.

"म्याच," मुंजाबा म्हणाला.

बानाबाई वडिलांकडं वळली. "दादा, ह्योच चालंल मला."

त्रिंबक चकित झाला. मेंढरामागचा नको, असं तूच म्हणाली होतीस ना, असं त्यानं विचारलं.

"म्या म्हनले व्हते, मला घोडं लादायचं नाय. आईची कंबर बघितली म्हनून म्हनले. मेंढरं तुमी तुमच्या मनानं घातली त्यात."

ते खरंच होतं. घोडं लादायला नको म्हणजे बिऱ्हाडवाला नको, आणि बिऱ्हाडवाला नको म्हणजे मेंढरामागचा नको, असा हिशेब त्रिंबकनं स्वतःच करून टाकला होता, आणि चारचौघांत सांगितलाही होता. घोडं लादणारा नवरा असू शकतो, हे त्याच्या डोक्यात यायचं कारणच नव्हतं; तसा माणूस त्यानं पाहिला नव्हता. सुपारीच्या दिवशी बानाबाई चुलीपाशी हसू दाबत होती ती बापाच्या या भाषांतरालाच.

त्रिंबकला मागं फिरणं जड जात होतं. त्यानं लगाम हातात घेतला आणि ओझं टिकतं का बघू म्हणून घोडं घाटाच्या वाटेला घेतलं. सगळे मागून निघाले. शंभरेक पावलं गेल्यावर मुंजाबानं घोडं थांबवलं, वाकून पोटाखालचा पट्टा पुन्हा आवळला आणि म्हणाला, चला.

"हे काहून?" त्रिंबकनं विचारलं.

"चालल्यावर वज्जं बसतं, मामा. पट्टा ढिला पडतो. शंभर पावलांवर येकदा आवळावंच लागतं."

"फौजेत शिकवलं?"

"नाय. आईनं."

"आमी बी रोज तेच करतो," लक्ष्मीबाई मागून म्हणाली. "तुमी मेंढरं घेऊन फुडं असता."

त्रिंबक चाळीस वर्षं त्या घाटानं उतरत होता, पुढं बघत. मागं शंभर पावलांवर काय होतं, हे त्याला त्या दिवशी कळलं. तो वाटेतल्या एका दगडावर बसला, मुंजाबाला शेजारी बसवलं आणि त्याच्या गुडघ्यावर जोरात थाप मारली. लग्न त्याच रजेत, खाली खानदेशात, मेंढरं बसवलेल्या एका शेतात लागलं. मनकर्णाबाई वरमायांच्या रांगेत पुढं होती. कुणीतरी तिला खेचरीचं नाव सांगितलं. तिनं मुंजाबाला एवढंच विचारलं, की ती कामाला कशी आहे. तो म्हणाला, तुकडीत पहिली. मग मनकर्णाबाईनं ती गोष्ट स्वतःच सगळ्यांना सांगितली.

मुंजाबा पुढं खेचरांच्या तुकडीतच राहिला आणि तिथूनच हवालदार होऊन पेन्शनीत आला. औरंगाबादला छावणीच्या पलीकडं, पडेगावला, त्यानं दोन खोल्या बांधल्या. त्या घरात दाराच्या मागं एक दोरी कायम टांगलेली असते, आणि तिला बानाबाईनं इतकी वर्षं कधी हात लावला नव्हता. लग्नाकार्याचं सामान असो, गावाहून आलेली ज्वारीची पोती असोत, मोटारीच्या टपावर टाकायची ट्रंक असो, बानाबाई खुर्ची घेऊन बसते आणि नवरा बांधतो. शेजारणी आपापल्या नवऱ्यांना हे दाखवायला आणतात, असं बानाबाई सांगते.

गेल्या दिवाळीनंतर त्यांच्या नातीनं शेंद्र्याला बिऱ्हाड केलं. तिला तिथल्या कारखान्यात नोकरी लागली आहे. सामान न्यायला टेम्पो आला. चालकानं आपली नायलॉनची दोरी काढली, तशी मुंजाबानं ती त्याला परत दिली आणि दारामागची आणली. वय ब्याऐंशी. दोन गाद्या दोन बाजूंना, कपाट मधे. त्यानं डोळे मिटून हातानं सगळं चाचपलं. चालक घाई करत होता, आजोबा, संभाजीनगरच्या रस्त्यावर काय घाट लागतोय का, म्हणत होता. दोरी फिरली, पहिला पेच पडला. पेन्शनीत आल्यापासून मुंजाबा पेच आपल्याच अंगठ्यानं धरायला शिकला होता, पण त्याची बोटं आता वाकत नाहीत. पेच धरावा तर आवळता येईना, आवळावा तर पेच सुटत होता. नात फोनवर होती. चालकाला बोट ठेव म्हटलं, तर त्यानं भलतीकडंच ठेवलं.

बानाबाई खुर्चीवरून हे बघत होती. तिनं चहाची कपबशी खाली ठेवली, उठली, चालकाला हातानं बाजूला केलं आणि पेचावर बोट दाबून धरलं.

मुंजाबानं तिच्याकडं पाहिलं.

"हे काय लादनं नव्हं," ती म्हणाली. "नुस्तं बोट ठेवलंय. आवळा."

त्यानं आवळली. मग चालकाला सांगितलं, की छावणीच्या चौकापर्यंत जा आणि तिथं थांब, मी येतो. एकदा पट्टा आवळावा लागेल.